टरफलासकट घ्या : खपली गव्हाची चार पाकिटं

कर्नाटक सीमेलगतच्या एका शेतकरी गटाकडून मी खपली गहू मागवला. टरफलासकट गहू, कांडलेला गहू, रवा आणि पीठ, असे चार प्रकार. भाव किलोला अनुक्रमे ७०, ११०, १३० आणि १४० रुपये, पाठवणी खर्च वेगळा. लोकवन आमच्याकडे ४०-४५ ला मिळत असताना हा गहू घ्यावा का, घेतला तर कुठलं पाकीट घ्यावं आणि पाकिटावर जे छापलंय त्यातलं खरं किती, हे सांगायला लिहितेय. सांगलीत आमची पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. दळण टाकताना मूठभर दाणे हातात आले की गहू कोणता ते मला कळतं. इतिहासात एम.ए. मी लग्नानंतर केलं, आणि त्यात सगळ्यात जास्त रमले ती पहिल्या शेतकऱ्यांच्या काळात. त्यामुळे या पाकिटांकडे गिरणीवालीच्या आणि इतिहासवालीच्या अशा दोन्ही नजरांनी पाहणं मला टाळता येत नाही.

निकाल आधीच सांगते. चारांत सगळ्यात उत्तम पाकीट सगळ्यात स्वस्त आहे, टरफलासकट गव्हाचं. बहुतेक गिऱ्हाईकं तेच सोडून पीठ घेतात.

हा गहू मळणीत सुटत नाही. लोकवनची ओंबी तळहातावर चोळली की दाणे मोकळे होतात, फुंकर मारली की भूस उडतं. खपलीची ओंबी चोळली तर तिचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्यात बहुधा दोन दाणे टरफलात गच्च बसलेले असतात. नखाने सोलायला गेलात तर नख दुखतं. आमच्या गिरणीत येणाऱ्या वयस्कर बायका या गव्हाचं नाव काढलं की आधी कांडपाची आठवण सांगतात, चवीची नंतर.

माणसाने पेरायला घेतलेल्या पहिल्यावहिल्या धान्यांपैकी हे एक. जगात याला एमर म्हणतात. याचा रानटी पूर्वज आजही इस्राएल, सीरिया, तुर्कस्तान, इराक, इराणच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवतो. आरोन आरोनसोन या कृषिशास्त्रज्ञाला तो १९०६ साली गालिली समुद्राजवळ रोश पिना इथे उभा सापडला आणि गव्हाचं मूळ घर कुठे असावं याचा धागा हाती आला. रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप फुटते, दाणे जमिनीवर विखुरतात. झाडाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, त्याला पुढच्या वर्षी उगवायचं असतं. पण अधूनमधून एखाद्या झाडात बिघाड होतो आणि त्याची ओंबी फुटतच नाही. रानात अशा झाडाचा वंश टिकत नाही. माणूस गारगोटीच्या पात्याचा विळा घेऊन आला आणि हिशेब उलटा झाला. फुटलेली ओंबी मातीत गेली, न फुटलेली घरी आली आणि तिच्यातलंच बी पुढच्या वर्षी पेरलं गेलं. हे कुणी ठरवून केलं नाही, आणि एकदोन पिढ्यांतही झालं नाही. रानटी आणि पाळीव दाणे एकाच वस्तीत शेजारी शेजारी सापडतात, त्यावरून या बदलाला हजाराहून जास्त वर्षं लागली असं दिसतं. साधारण १०,००० वर्षांपूर्वी तो पूर्ण होत आला होता. न फुटणारी पण टरफलही न सोडणारी ती ओंबी म्हणजे हे ७० रुपयांचं पाकीट.

आता पाकिटावरचं वाक्य : 'भारताचा मूळ ५००० वर्षं जुना गहू.' हे गटाने बदलावं अशी माझी मनापासून विनंती आहे. हा गहू मूळ भारतातला नाही, आणि ५००० चा आकडाही कमीच आहे. त्याचं घर पश्चिम आशियात, आणि वय याच्या दुप्पट. तिथून तो इराणमार्गे पूर्वेकडे सरकला. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ ही पहिल्या शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. जाँ-फ्रान्स्वा जारीज यांच्या फ्रेंच चमूने तिथे १९७४ पासून उत्खनन केलं, आणि मातीच्या विटांमध्ये उमटलेले जव आणि गव्हाचे ठसे मिळाले. जवच जास्त, पण एमरही आहे. हडप्पा संस्कृतीतही गहू आणि जव ही हिवाळी पिकं होती. हे खरं लिहिलं तर गव्हाची पत कमी होणार नाही. इतक्या लांबून, इतक्या हातांतून आलेलं बी आपल्या काळ्या रानात टिकलं, ही गोष्ट 'मूळ भारतीय' या शिक्क्यापेक्षा मला कितीतरी मोठी वाटते. आपल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचं म्हणाल तर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १५ वर्षं खोदकाम केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या त्या कामातून तिथलं मुख्य धान्य जव असल्याचं दिसलं. गहू होता, पण थोडा.

टरफल कसं काढायचं? आधी मी कोरडाच गहू उखळात घातला. दाणे फुटले, टरफल तसंच राहिलं. मग पाण्याचा हबका मारून, थोडा वेळ झाकून ठेवून कांडला. टरफलाच्या चिंध्या झाल्या, दाणा अख्खा राहिला. मग वाळवणं, पाखडणं, निवडणं आलंच. प्राचीन इजिप्तमध्येही असंच कांडत असणार, हे संशोधकांनी तिथल्या जुन्या उखळांसारखी उखळं वापरून दाखवून दिलंय. एक किलो टरफलासकट गव्हातून पाऊण किलोच्या आतच स्वच्छ दाणा निघाला. त्यामुळे ७० चा भाव दिसतो तितका स्वस्त नाही, हे घेणाऱ्याने धरून चालावं.

आणि मग दळणं. इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझं सगळं आयुष्य दळणातच गेलंय.

फिरतं जातं फार उशिरा आलं. इनामगावच्या बायकांकडे ते नव्हतं, मेहरगढच्याही नव्हतं. त्यांच्याकडे होता पाटा आणि त्यावर पुढे-मागे घासायचा दगड. सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाची वस्ती होती. शिकार आणि रानटी धान्यावर जगणारी माणसं तिथे आधी राहत होती, मग त्याच जागी शेती करणाऱ्यांचं मोठं गाव उभं राहिलं. धरणाखाली जाण्याआधी १९७२-७३ मध्ये अँड्र्यू मूर यांनी ती घाईघाईने खोदली, आज ती असद जलाशयाखाली आहे. तिथल्या हाडांचा अभ्यास लंडनच्या थिया मोलेसन यांनी केला. त्यांना पायाच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले दिसले, गुडघ्यांवर खुणा दिसल्या, कमरेच्या वरच्या मणक्यांना इजा झालेली दिसली. रोज तासन् तास गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून, सगळं अंग पुढे-मागे टाकत दळणाऱ्या माणसाची ही हाडं होती, आणि त्यांत बायका जास्त. दगडाची कच पिठात उतरायची, त्यामुळे दातही झिजलेले.

हे वाचल्यापासून 'पहिली शेती' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नांगर येत नाही, तो अंगठा येतो. शेतीची सुरुवात म्हणून आपण पोरांना पेरणी आणि कापणी शिकवतो. कापणी तर सोपी होती. जॅक हार्लन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६६ च्या सुमारास तुर्कस्तानातल्या काराजादाग डोंगरावर गारगोटीच्या विळ्याने रानटी गहू कापून पाहिला. तासाला साधारण एक किलो स्वच्छ दाणा पडेल इतका गहू हाती आला. एखादं कुटुंब तीन आठवडे राबलं तर वर्षभर पुरून उरेल इतकं धान्य जमलं असतं, असा त्याचा अंदाज होता. म्हणजे मोठा खर्च कापणीचा नव्हता. तो पुढे होता, रोजच्या रोज, घरात, कांडण्या-दळण्याचा. तो कुणी उचलला ते त्या हाडांवर लिहिलेलं आहे. इजिप्तमध्ये अमार्नाच्या कामगारवस्तीत, इसवीसनपूर्व १३५० च्या आसपास, पाटा विटांच्या चौथऱ्यावर बसवलेला सापडतो, म्हणजे जमिनीवर गुडघे टेकून दळावं लागू नये अशी सोय. तो चौथरा बांधायची कल्पना पहिल्यांदा ज्याला किंवा जिला सुचली, त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

बाकीची पाकिटं भराभर सांगते.

कांडलेला गहू उत्तम. दाणा लांबट, टोकदार, तांबूस, फूट कमी, खडा एकही नाही. खिरीसाठी हाच घ्या. रात्रभर भिजवून, निथळून, मिक्सरला अगदी हलका फिरवायचा, सुटलेला कोंडा काढायचा आणि कुकरला भरपूर पाण्यात मऊ शिजवायचा. मग गूळ, खोबरं, खसखस, सुंठ, वेलदोडा. दूध वाढताना गार घालायचं, गुळाबरोबर उकळलं तर फाटतं. सीमाभागातले लोक याचीच हुग्गी करतात. लोकवनची खीर शिजली की गोळा होते. खपलीचा दाणा मऊ होऊनही दातांखाली वेगळा लागतो, आणि तोंडात एक भाजक्या शेंगदाण्यासारखी चव मागे राहते.

रवा जाडसर आहे, शिऱ्याला आणि लापशीला चांगला. उपम्याला मला आवडला नाही, चिकट झाला.

पीठ मात्र घेऊ नका. पाकिटावर दळल्याची तारीख नाही, फक्त 'या महिन्यापर्यंत वापरा' असं आहे. अख्ख्या गव्हाच्या पिठात अंकुराचं तेल असतं, ते आठवड्या-दोन आठवड्यांत खवट व्हायला लागतं. या पिठाला उघडताक्षणी किंचित वास होता. शिवाय पीठ फार बारीक आहे, चिमटीत धरलं तर रवाळपणा अजिबात नाही. दगड जास्त दाबून, गरम पडेपर्यंत दळलंय असं मला वाटलं. कांडलेला गहू घ्या आणि आपल्या गिरणीत, लोकवनच्या दळणानंतर लगेच न टाकता, स्वतंत्र दळून घ्या. गिरणीवाला नाही म्हणणार नाही.

पोळी जमते, पण पोळीचा हात थोडा बदलावा लागतो. खपलीच्या पिठाला ताण नाही. कणीक जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवली आणि हलक्या हाताने लाटली तर पोळी मऊ आणि खमंग होते. लोकवनसारखी ओढून ताणून लाटलीत तर कडा फाटतात. पुरणपोळीला मी निम्मा लोकवन मिसळते. पाव करायच्या फंदात पडू नका, तो फुगत नाही. इजिप्तमधले लोक याच गव्हाची आंबवलेली भाकरी करायचे. पिरॅमिडच्या काळात ती जाड मातीच्या साच्यांत भाजली जायची. ते पीठ हाताळल्यावर साच्याची गरज माझ्या चटकन लक्षात आली.

खपलीचा पाव फुगत नाही याचं कारण रंगसूत्रांत आहे. एमरमध्ये २८ रंगसूत्रं आणि आपल्या नेहमीच्या गव्हात ४२. शेतकऱ्यांनी एमर कॅस्पियन समुद्राच्या बाजूला नेला तेव्हा शेताच्या बांधावरच्या एका रानगवताशी त्याचा संकर झाला आणि त्यातून पोळीचा, पावाचा गहू जन्मला. जास्तीची १४ रंगसूत्रं त्या गवताची. पिठाला जो ताण येतो, पाव जो फुगतो, तो बराचसा त्या गवताच्या देणगीमुळे.

आणि इथेच एक गोष्ट ठासून सांगायची आहे. खपलीत ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, कमी ताणाचं असतं, पण असतं. या गटाच्या पाकिटावर तसा खोटा दावा नाही, हे त्यांच्या बाजूने. पण बाजारात 'ग्लूटेन-फ्री खपली' म्हणून विकणारे मी पाहिलेत. ज्यांना सीलिअॅकचा, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा, आजार आहे त्यांनी हा गहू खाऊ नये. आमच्या गिरणीत एक आई लेकीसाठी म्हणून हेच पीठ मागायला आली होती, तिला मी दळून दिलं नाही. मधुमेहाचंही तसंच. हा गहू हळू पचतो म्हणून काहींना मानवतो, पण तो गहूच आहे, औषध नाही. किती खायचा ते डॉक्टरांना विचारा, पाकिटाला विचारू नका.

मला या गटाचं सगळ्यात जास्त आवडलं ते पाकिटाच्या मागचं छोटं कोष्टक : शेतकरी, गाव, जमिनीचा गट नंबर, हंगाम, वजन. ते वाचून मला उरुकच्या पाट्या आठवल्या. दक्षिण इराकातल्या या शहरात, इसवीसनपूर्व ३३०० ते ३००० च्या दरम्यान, मातीच्या पाट्यांवर खुणा करायला सुरुवात झाली. राजांच्या कथा आणि देवांची स्तोत्रं खूप नंतरची. सुरुवातीच्या पाट्यांवर बहुतांश हिशेब आहेत : धान्य किती आलं, कुणाकडून, कुणाला किती दिलं. माणसाचं डोकं आणि शेजारी वाडगा अशी खूण असली की तिचा अर्थ शिधा. तशी जाड, ओबडधोबड वाडगी तिथे ढिगांनी सापडतात. धान्य साठवता येतं, मोजता येतं, म्हणून त्यावर कर बसतो आणि पगारही देता येतो. इजिप्तमध्ये राजांची थडगी कोरणाऱ्या दैर अल-मदिनाच्या कारागिरांना महिन्याला ४ खार (खार हे तिथलं धान्याचं माप) एमर भाकरीसाठी आणि दीड खार जव बियरसाठी मिळायचा. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी शिधा थकला तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि मंदिरांपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप तो, आणि त्यामागे हाच गहू.

मग हा गहू मागे का पडला? एक कारण टरफल. सुटा दाणा देणारे गहू आले तसा कांडपाचा त्रास लोकांनी सोडला. इजिप्तने सिकंदरानंतर, ग्रीक राजांच्या काळात एमर सोडला. दुसरं कारण मी आमच्या भागात रोज बघते. १९५८ साली जेकबसेन आणि अॅडम्स या दोन अभ्यासकांनी मांडलं की दक्षिण मेसोपोटेमियात इसवीसनपूर्व ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळपास निम्मे-निम्मे होते, पुढे गहू घटत गेला आणि इसवीसनपूर्व १७०० पर्यंत तिथून जवळजवळ नाहीसाच झाला. कारण त्यांनी दिलं ते जमिनीतल्या क्षारांचं. कालव्याचं पाणी भरमसाट, निचरा नाही, जमिनीतलं पाणी वर चढलं आणि मीठ घेऊन आलं. जव ते सोसतो, गहू सोसत नाही. त्यांचा तो हिशेब पुढे काहींनी तपासून त्यावर आक्षेपही घेतलेत, पण यंत्रणा खरी आहे. ती पाहायची तर इराकला जायची गरज नाही. वाळवा, मिरज, पलूस, शिरोळ तालुक्यांत कृष्णा-वारणेकाठी उसाला पाटभर पाणी देऊन देऊन पांढरी पडलेली रानं पाहा. माझ्या माहेरच्या रानाचा खालचा तुकडा तसाच गेला. आता तिथे सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतायत, खर्च मोठा आहे, पण रान हळूहळू परत येतंय. आजी सांगायची की त्याच तुकड्यात खपली व्हायचा.

आणखी एक गोष्ट गटाने पाकिटावर जरूर छापावी, कारण ती खरी आहे आणि अभिमानाची आहे. अमेरिकेत स्टाकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली तांबेरा रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी गव्हाच्या १२ वाणांचा संच ठरवला. कोणत्या वाणाला कोणता तांबेरा लागतो यावरून रोगाची जात कळायची. त्या संचातल्या एका वाणाचं नाव 'खपली' होतं, हेच नाव, आपलं. हा वाण तांबेऱ्याला चिवटपणे तोंड देई. त्यातली रोग सोसणारी जनुकं पुढे जगभरच्या गव्हात वापरली गेली.

मागवताना वाण विचारा. बाजारात पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस २९७१ आणि धारवाड विद्यापीठाचे डीडीके १०२५, १०२९ असे बुटके, न लोळणारे वाण आहेत, आणि काही घरांत जुनं उंच वाढणारं बीही आहे. माझ्या पाकिटात डीडीके १०२९ होता. गटाच्या माणसाने फोनवर लगेच सांगितलं, आढेवेढे घेतले नाहीत. बन्सी हा दुसरा गहू मिसळून खपली म्हणून विकणाऱ्यांना हा प्रश्न आवडत नाही. टरफलासकट मागितलात तर मिसळायची सोयच उरत नाही, कारण बन्सीला टरफल राहत नाही.

टरफलात किडाही कमी लागतो, त्यामुळे वर्षाचा साठा त्याच रूपात करा आणि महिन्यापुरता कांडून घ्या. उखळ नसेल तर भाताच्या कांडप गिरणीत विचारा, रबरी रोलरचं यंत्र असेल तर दाणा कमी फुटतो. सांगली-मिरजेच्या लोकांनी १०-१० किलो एकत्र करून आणलं तर मी माझ्याकडे स्वतंत्र दळून देईन, फक्त दगड साफ करायला आदल्या दिवशी सांगा. गटाला माझ्याकडून पाचपैकी चार. उरलेला एक पिठाच्या पाकिटावर दळणाची तारीख आली की.